खोडदची जत्रा झाल्यावर पुढे काय?

ध्रुवपद (धागाकर्ता)

मंडळी,

फेब्रुवारी उजाडला की इथे दोन प्रश्न हमखास येतात. जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बघायला विज्ञान दिनाच्या जत्रेला खोडदला कसं जायचं, आणि गाडी कुठे लावायची. दोन्हींची उत्तरं जुन्या धाग्यांत आहेत, कृपया शोधा. हा धागा विज्ञान दिनाची गर्दी ओसरल्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे.

माझी तक्रार म्हणा, कुरकुर म्हणा, ती अशी की आपले संशोधन गट लोकांसमोर यंत्र मांडतात, काम मांडत नाहीत. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश, त्यातल्या १४ मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरात, उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २५ किलोमीटर. हे आता पुणे जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. पण त्या डिशमधून आलेला आकडा पुढे कुणाकडे जातो, त्यावरून कोण कोणाशी वाद घालतं, जपानमधल्या नाहीतर जर्मनीतल्या माणसाला तो कशाला हवा असतो, हे विचारलं तर सगळे गप्प. आणि खरी मजा तिथेच आहे.

२९ जून २०२३ ची बातमी आठवत असेल. नॅनोहर्ट्झ गुरुत्वीय लहरींचा, म्हणजे अवकाशकाळातल्या अतिशय संथ थरथरीचा, पुरावा मिळाला, त्यात पुण्याजवळच्या दुर्बिणीचाही वाटा. पेपरांनी छापलं, आपण फॉरवर्ड केलं, विषय संपला. वाटा म्हणजे नेमका काय होता?

पल्सार, म्हणजे स्पंदक तारे, अतिशय नियमित स्पंद पाठवतात. मिलिसेकंद पल्सार तर इतके नियमित की त्यांच्याकडे घड्याळ म्हणून बघता येतं. पृथ्वी आणि पल्सार यांच्यामधून फार लांब पल्ल्याची गुरुत्वीय लहर गेली तर स्पंद येण्याची वेळ किंचित मागेपुढे होते. किंचित म्हणजे शंभर नॅनोसेकंदांच्या घरात, आणि तेही काही वर्षांच्या काळात हळूहळू. युरोपातल्या गटाकडे, म्हणजे युरोपियन पल्सार टायमिंग ॲरेकडे, २५ पल्सारांची जवळपास २५ वर्षांची नोंद होती. जर्मनीतली एफेल्सबर्ग, इंग्लंडमधली जॉड्रेल बँक, फ्रान्समधली नाँसे, नेदरलँड्समधली वेस्टरबोर्क आणि इटलीतली सार्डिनिया अशा पाच मोठ्या दुर्बिणींनी जमवलेली. मग आपली गरज कुठे पडली?

तर ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी नसते. तिथे सुटे इलेक्ट्रॉन भटकत असतात, आणि त्यांच्यामुळे कमी वारंवारतेच्या रेडिओ लहरी उशिरा पोचतात. उशीर वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचा हिशोब ज्या आकड्यात मांडतात त्याला डिस्पर्शन मेझर म्हणतात, डीएम. समजा एखाद्या पल्सारचा डीएम १० आहे. १४०० मेगाहर्ट्झला त्याचा स्पंद साधारण २१ मिलिसेकंद उशिरा येईल, आणि ४०० मेगाहर्ट्झला तब्बल २६० मिलिसेकंद. आता गंमत बघा. पल्सार हलतो, आपण हलतो, मधले इलेक्ट्रॉन हलतात, म्हणून डीएम वर्षागणिक थोडा थोडा बदलतो. तो नुसता ०.०००१ ने बदलला तरी १४०० मेगाहर्ट्झवरची वेळ सुमारे २०० नॅनोसेकंदांनी सरकते. म्हणजे आपण जो गुरुत्वीय परिणाम शोधतोय त्याच्याच मापाचा घोटाळा, आणि तो इलेक्ट्रॉनांनी केलेला! जास्त वारंवारतेवर हे दोन्ही वेगळे करणं कठीण. पण तोच ०.०००१ चा फरक ४०० मेगाहर्ट्झला अडीच मायक्रोसेकंदांहून जास्त दिसतो. तिथे तो पकडता येतो. सुधारित जीएमआरटी ३०० ते ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात नेमकं हेच करते.

इंडियन पल्सार टायमिंग ॲरेने, म्हणजे इनप्टाने, २५ पैकी १० पल्सारांची साडेतीन वर्षांची आपली नोंद त्या युरोपीय नोंदीला जोडली. वर्षांच्या हिशोबात आपला वाटा छोटा आहे, पण तो दुसरीकडून मिळण्यासारखा नव्हता. या गटात जीएमआरटी चालवणारी एनसीआरए आणि तिची पालकसंस्था टीआयएफआर आहेत, रूरकी आणि हैदराबादच्या आयआयटी आहेत, भोपाळची आयसर, चेन्नईची मॅथसायन्स, बंगळुरूची रामन इन्स्टिट्यूट, आणि जपानचं कुमामोतो विद्यापीठ. इतक्या ठिकाणची माणसं एका डीएमच्या चौथ्या दशांश स्थळावर वर्षानुवर्षं डोकं खपवतात, ही गोष्ट मला डिशच्या व्यासापेक्षा कितीतरी जास्त सांगण्यासारखी वाटते.

दुसरं उदाहरण मुंबई विद्यापीठातलं. कलिना संकुलात अणुऊर्जा विभाग आणि विद्यापीठ यांचं मिळून मूलभूत विज्ञानाचं एक केंद्र आहे. तिथल्या आनंद होता यांनी २०१३ मध्ये रॅड@होम नावाचा नागरिक-विज्ञान उपक्रम सुरू केला. पदवीला असलेली किंवा नुकती पदवी झालेली मुलं, नोकरी करणारे हौशी लोक, यांना जीएमआरटीची आणि इतर दुर्बिणींची खरी निरीक्षणं वाचायला शिकवायचं. सुरुवात चक्क फेसबुकवर. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यांचा शोधनिबंध रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. साडेसात अब्ज प्रकाशवर्षांवरचं एक विचित्र रेडिओ वर्तुळ, तेही एकमेकांना छेदणारी दोन कडी असलेलं. निरीक्षणं युरोपातल्या लोफार दुर्बिणीची, आणि ते कडं पहिल्यांदा खटकलं ते घरी बसून प्रतिमा चाळणाऱ्या माणसांना.

माझ्या मते विज्ञान लोकांपर्यंत नेणं ते हे. जत्रा ठेवा, पण जत्रेनंतर लोकांच्या हातात काहीतरी खरं काम द्या. तुमचे अनुभव लिहा, विरोधी मतंही येऊ द्यात.

*

खोडदचा_शेजारी

धागा चांगला आहे पण जत्रेला नाक मुरडलंय ते काही पटलं नाही. विज्ञान दिनाला आमच्या तालुक्यातल्या शाळा मॉडेलं घेऊन येतात. वाडीवरच्या शाळेतली पोरगी टेबलामागं उभी राहून येणाऱ्या जाणाऱ्याला ठिबक सिंचनाचं मॉडेल समजावून सांगते, पुण्याहून आलेले साहेब लोक थांबून ऐकतात. तिच्या दृष्टीनं तेच खरं काम. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात, माणूस जमवायचं कसं ते आम्हाला सांगू नका :)

दुसरी गोष्ट. या दुर्बिणीची किंमत आम्ही पण मोजतो. आजूबाजूला कारखाना काढायचा तर परवानगीचं लफडं. पुणे-नाशिक रेल्वे नारायणगावावरून जायची होती, तिचा मार्ग दुर्बिणीपायी अडला. आता टोमॅटो, द्राक्ष पिकवणाऱ्याला रेल्वे गेल्याचं दुःख होणारच ना? त्याला तुम्ही नॅनोसेकंद सांगत बसणार का? पण सांगायला पाहिजेच. कारण नीट कुणी सांगितलं नाही की गावात पसरतं की ते तिथं बसून आपले फोन ऐकतात.

*

ध्रुवपद

शेजारी दादा, जत्रेला नाक नाही मुरडलं. फक्त तिथेच थांबू नये एवढंच म्हणणं.

रेल्वेचं कारण मात्र सोपं आहे आणि ते गावोगाव सांगायला हवं होतं हे शंभर टक्के मान्य. विजेवरच्या गाडीचा वरचा दांडा तारेला घासतो तेव्हा ठिणग्या उडतात. प्रत्येक ठिणगी म्हणजे सगळ्या वारंवारतांवर एकदम उठणारा रेडिओ गोंगाट, आणि जीएमआरटी ज्या खालच्या पट्ट्यात ऐकते तिथे तो भरपूर. एक आकडा देतो. आपला साधा मोबाईल चंद्रावर नेऊन चालू ठेवला, तर इथून तो आकाशातल्या बहुतेक सगळ्या नैसर्गिक रेडिओ स्रोतांपेक्षा ठळक दिसेल. दुर्बीण फोन ऐकत नाही, फोनमुळे तिला काही ऐकू येत नाही.

*

वेणूताई

मी शाळेत विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांना दुसऱ्या शनिवारच्या व्याख्यानांना नेत असे. मराठीतून व्याख्यान, आणि शेवटी प्रश्न. प्रश्नांची वेळ कधी पुरायची नाही.

नारळीकर सरांची एक पद्धत इथल्या नव्या मुलांना माहीत नसेल. स्वाक्षरी मागायला पोरं गेली की ते म्हणायचे, मला पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर आणि खाली सही करून पाठवतो. आणि पाठवायचे! जगभर नाव असलेला माणूस आठवीतल्या मुलीच्या 'कृष्णविवरात पडल्यावर काय होतं' याला स्वहस्ते उत्तर लिहितो, यापेक्षा मोठं प्रसाराचं काम कुठलं? २० मे २०२५ ला सर गेले त्या दिवशी माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या गटात अशा पोस्टकार्डांचे फोटो येत होते.

ध्रुवपद, तुम्ही म्हणता ते 'खरं काम हातात देणं' मला आवडलं, पण प्रश्न विचारायची सवय आधी लागावी लागते. ती जत्रेत लागते, व्याख्यानात लागते, आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ बाटल्यांची खेळणी करताना लागते. आधीच्या पायऱ्या गाळून थेट निरीक्षणांवर कसं जाणार?

*

अर्धवटराव

सगळं खरं हो. पण मला सांगा, या 'सहभागा'तलं किती खरं आणि किती नुसतं नाव लावणं? २०१६ मध्ये गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या अमेरिकेतल्या लायगो यंत्राचा त्यावरचा पहिला निबंध आला, त्यावर हजाराच्या आसपास लेखक. आपल्याकडचे ३७. लगेच 'भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा शोध'. हजारात ३७ म्हणजे किती टक्के, गणित करा.

आणि ते विश्वाचं गुणगुणणं, म्हणजे २०२३ च्या त्या नॅनोहर्ट्झ लहरी, त्यालाही शोध म्हणायचं की अजून नाही? पेपरवाल्यांनी तर पेढे वाटून टाकले होते.

*

स्पंदन_पी

अर्धवटराव, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण याच क्षेत्रात पीएचडी करतेय (संस्थेचं नाव विचारू नका).

'शोध' हा शब्द मूळ निबंधांत जपून टाळलाय. तिथे 'पुरावा' म्हटलंय. पल्सारांच्या जोड्या घ्यायच्या, दोघांमधला आकाशातला कोन मोजायचा, आणि त्यांच्या वेळांमधली गडबड त्या कोनानुसार ठरावीक पद्धतीने जुळते का ते पाहायचं. या अपेक्षित वक्राला हेलिंग्ज-डाउन्स वक्र म्हणतात. युरोप आणि भारताच्या एकत्र नोंदीत तो मेळ दिसला. तो निव्वळ योगायोगाने दिसायची शक्यता हजारात एकाच्या आसपास. ऐकायला भारी वाटतं, पण आमच्याकडे 'शोध' म्हणायला साधारण ३५ लाखांत एक लागते. म्हणून थांबलोय. अमेरिकेच्या नॅनोग्राव्हने, ऑस्ट्रेलियाच्या पार्क्स गटाने आणि चिनी गटाने त्याच दिवशी आपापले निकाल दिले. वेगवेगळ्या दुर्बिणी, वेगवेगळे संगणकी आराखडे, आणि तरी कल एकाच दिशेला, म्हणून आमचा विश्वास वाढला. एकाच गटाने असं म्हटलं असतं तर मीही नाक मुरडलं असतं.

आता नाव लावण्याबद्दल. बाहेरून यादी बघितली की ३७ भागिले १००० दिसतं. आतून कसं असतं सांगते. युरोपीय गटाशी बैठक म्हटली की आमच्याकडे दुपार उलटून गेलेली, त्यांची सकाळ, जपानी मंडळींची रात्र. कुणीतरी एका पल्सारचा आलेख टाकतं. त्यात मधल्या काही महिन्यांत एक खळगा आहे. तो खरा आहे, की त्या काळात दुर्बिणीचं घड्याळ सरकलं होतं, की आकाशात तो पल्सार सूर्याच्या जवळून जात होता आणि सौरवाऱ्यातले इलेक्ट्रॉन मधे आले? आठ-दहा माणसं यावर तासभर बोलतात. शेवटी ठरतं की अमकीने त्या काळातल्या कच्च्या फाइल्स पुन्हा उघडायच्या. अमकी म्हणजे बहुतेक वेळा पीएचडीची विद्यार्थिनी :) तिचं नाव यादीत मधेच कुठेतरी असतं, पण तो खळगा तिने नीट केला नसता तर पुढचं सगळं लटकलं असतं. हे टक्केवारीत कसं मोजणार?

आता माझी खरी कुरकुर. शाळेत जाऊन बोललेलं, मराठीत लिहिलेलं, माझ्या वार्षिक आढाव्यात कुठेच धरलं गेलं नाही. एका समिती सदस्यांनी प्रेमाने सांगितलं, 'हे सगळं छान आहे, पण प्रबंध झाल्यावर कर.' प्रबंध झाल्यावर मी कुठे असेन कोण जाणे. शाळा इथे आहे, आज आहे.

*

निळूभाऊ_डोंबिवली

सहयोगाचा विषय निघालाय तर आमच्या पंचक्रोशीतली गोष्ट सांगून टाकतो. भारतातली रेडिओ खगोलशास्त्राची पहिली मोठी खटपट आमच्या कल्याणला झाली. डिश आल्या होत्या ऑस्ट्रेलियातून. तिकडच्या सीएसआयआरओ या संस्थेचं सिडनीजवळ पॉट्स हिल इथे ३२ छोट्या डिशचं यंत्र होतं, प्रत्येक डिश सहा फुटांची. त्यांचं काम झालं, त्यांनी ती भारताला देऊन टाकली. गोविंद स्वरूप यांनी तीच १९६५ मध्ये कल्याणला उभी केली आणि ६१० मेगाहर्ट्झवर सूर्य पाहिला. मग १९७० मध्ये उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण, आणि पुढे खोडद.

म्हणजे सुरुवातच दुसऱ्याने दिलेल्या सामानातून. आणि नंतर त्याच माणसाने ४५ मीटरची डिश इतक्या स्वस्तात केली की बाहेरचे लोक बघायला आले. पत्र्याऐवजी बारीक स्टीलच्या तारांची जाळी, ती दोरांसारख्या ताणलेल्या तारांवर बसवलेली. वारा आरपार जातो, म्हणून खालचा सांगाडा हलका, म्हणून पैसे कमी. लोकलमधून जाताना कल्याण आलं की मला हे आठवतं, शेजारच्याला सांगितलं तर तो सीट सरकवून घेतो.

*

पावसाळी_मँचेस्टर

वाचनमात्र होते, जॉड्रेल बँकचं नाव वाचून लॉगिन केलं. मँचेस्टर विद्यापीठाची ती वेधशाळा आमच्यापासून तासाभराच्या आत आहे. माहेरची माणसं आली की त्यांना तिथे नेणं हा नियमच झालाय.

लव्हेल दुर्बीण ७६ मीटरची, १९५७ सालची. स्पुटनिकला घेऊन गेलेलं रॉकेट रडारने टिपलं ते हिनेच. २०१९ मध्ये ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. २०२३ पर्यंत उन्हाळ्यात त्याच मैदानावर संगीत आणि विज्ञान असा एकत्र महोत्सव भरायचा. पोरं गाणी ऐकायला यायची आणि तंबूत कृष्णविवरांवर व्याख्यान ऐकून जायची. माहितीकेंद्र वर्षभर चालतं, तिकीट आहे, कॉफी महाग आहे, पण केक बरा.

तुलना करायचा मोह होतो पण अर्धीच करते. इथे लोकांशी बोलणं हे पगारी काम आहे, त्यासाठी वेगळी माणसं नेमलेली आहेत. स्पंदन म्हणतेय तसं पीएचडीवाल्यांच्या फुरसतीवर ते सोडलेलं नाही. पण पाट्या बघितल्या तर इथेही यंत्राचीच कौतुकं. ती दुर्बीण आज कुठल्या गटाबरोबर काम करतेय, त्यात भारत आहे, हे कुठल्या पाटीवर वाचल्याचं आठवत नाही. सासऱ्यांना मीच सांगितलं, तेव्हा त्यांनी दुर्बिणीकडे पुन्हा एकदा मान वर करून पाहिलं.

*

अर्धवटराव

स्पंदन, उत्तर आवडलं. खळग्याचं उदाहरण विशेष. टक्केवारी मागे घेतो. पण 'भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा शोध' हे मथळे मागे घेणार नाही, ते ज्याने छापले त्याने घ्यावेत.

*

ध्रुवपद

अर्धवटरावांनी काहीतरी मागे घेतलं, स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

मथळ्यांवरून आठवलं. जुलै २०१७ मध्ये 'सरस्वती' महासमूह जाहीर झाला. चार अब्ज प्रकाशवर्षांवरची दीर्घिकांची प्रचंड भिंत. बातम्यांत आयुका आणि पुण्याची आयसर ही नावं ठळक आली, रास्तच आहे. पण त्याच निबंधात जमशेदपूरची एनआयटी आणि केरळातल्या थोडुपुळा गावचं न्यूमन कॉलेज यांचीही माणसं होती. थोडुपुळा! निरीक्षणं कुठली, तर अमेरिकेतल्या स्लोन आकाश-सर्वेक्षणाची, जी कोणालाही उतरवून घेता येतात. तालुक्याच्या गावातल्या कॉलेजातला प्राध्यापक जगातल्या सगळ्यात चांगल्या नोंदीवर काम करू शकतो, ही खरी बातमी होती. १९८८ मध्ये आयुका काढलं तेच मुळी विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या लोकांना अशी सोय व्हावी म्हणून. आपल्याकडच्या किती कॉलेजांतल्या मुलांना हे माहीत आहे?

*

सईची_आई

माझी मुलगी आठवीत आहे. रॅड@होममध्ये तिला घेतील का? का फारच लहान?

*

ध्रुवपद

सईची आई, तिकडे पदवीपातळीचं भौतिकशास्त्र किंवा अभियांत्रिकी धरून चालतात, रेडिओ आणि दृश्य प्रकाशातल्या प्रतिमा एकावर एक ठेवून वाचायच्या असतात. तिच्यासाठी गॅलेक्सी झू बघा. ऑक्सफर्डच्या लोकांनी २००७ मध्ये सुरू केलं, दीर्घिकेचं चित्र येतं आणि आपण सांगायचं ती सर्पिल आहे की गोल. तिथेच हॅनी फान आर्केल या डच शिक्षिकेला एक निळसर डाग दिसला, तिने 'हे काय आहे?' असं सरळ विचारलं. तो मेलेल्या क्वेसारच्या, म्हणजे दीर्घिकेच्या झगझगीत गाभ्याच्या, उजेडात चमकणारा वायूचा ढग निघाला आणि आज तिच्याच नावाने ओळखला जातो. वेणूताई, हा तुमच्या बाजूने मुद्दा. तिनेही प्रश्नच विचारला होता.

*

औंढ्याचा_गणू

आमच्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथला लायगो होणार आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने २६०० कोटी मंजूर केले. चार चार किलोमीटरच्या दोन भुजा. लोक विचारतात नोकऱ्या किती, जमिनीचा भाव किती. चूक नाही, पोटाचा प्रश्न आहे. पण खोडदच्या भावाने लिहिलं ते वाचून वाटलं की आमच्याकडे आत्ताच सांगायला सुरुवात व्हावी. तिथे तर रेल्वे काय, जवळून जड ट्रक गेला तरी जमीन थरथरते आणि यंत्राला ते कळतं. उद्या रस्त्यावर वाहतुकीचे नियम आले की लोक म्हणणार, आधी का नाही सांगितलं.

*

खोडदचा_शेजारी

गणूभाऊ, एकदम बरोबर. पाया खणायच्या आधी गावात बैठक घ्यायला लावा, आणि मराठीत.

स्पंदनताई, तुम्हाला एक विचारायचं होतं. आमच्या शाळेची पोरं दरवर्षी थर्माकोलची डिश करतात. दिसायला छान, पण मलाच कंटाळा आलाय. दुर्बिणीच्या खऱ्या आकड्यावर नववीच्या पोरांना जमेल असं काही आहे का? संगणक एकच आहे, तो पण हेडसरांच्या खोलीत.

*

स्पंदन_पी

आहे! संगणक लागणार नाही.

जिराफ तारकासमूहात बी०३२९+५४ नावाचा पल्सार आहे, उत्तर आकाशातला सगळ्यात ठळक. दर ०.७१ सेकंदाला एक स्पंद. मी त्याचा एक आलेख छापून पाठवते. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वारंवारता. स्पंदाची रेघ तिरकी वाकलेली दिसेल. मुलांनी पट्टीने मोजायचं की ५०० मेगाहर्ट्झला स्पंद कधी आला आणि ४०० ला कधी. फरक पाव सेकंदाच्या आसपास यायला हवा. मग सूत्र: मिलिसेकंदांतला फरक भागिले ४.१५, आणि ते पुन्हा भागिले (१/०.४² वजा १/०.५²). वारंवारता गिगाहर्ट्झमध्ये घेतलीय म्हणून ०.४ आणि ०.५. उत्तर २६-२७ च्या घरात आलं की जमलं. तोच डीएम.

त्याला ०.०३ ने भागलं की पल्सारचं अंतर पार्सेकमध्ये (एक पार्सेक म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षं) मिळतं, कारण घनसेंटीमीटरमागे सरासरी इतके इलेक्ट्रॉन धरतात. साधारण ९०० पार्सेक येईल. खरं अंतर याहून जास्त निघालंय, म्हणजे त्या वाटेवर इलेक्ट्रॉन सरासरीपेक्षा विरळ आहेत. मुलांना उत्तर आधी सांगू नका, त्यांना म्हणू देत की सूत्र चुकलं.

एक सापळा मुद्दाम ठेवा. ३०० आणि ५०० घेतलं तर फरक ०.७९ सेकंद येतो, म्हणजे एका स्पंदाच्या कालावधीपेक्षा जास्त. आलेखावर मागचा स्पंद पुढच्यात मिसळलेला दिसतो. पोरं तिथे हमखास अडकतात आणि भांडतात. भांडू द्या, आमच्या बैठकांतही हेच चालतं.

*

वेणूताई

स्पंदन, वर्ग आणि भागाकाराला घाबरणारी मुलं गटात एखादी तरी असणार, त्यांना पट्टीने मोजायचं काम द्यायला सांग. आणि प्रत्येक गटाला स्वतंत्र मोजू दे, मग फळ्यावर सगळ्यांची उत्तरं शेजारी शेजारी लिहायची. शेजारी, जवळ कुठे असेन तर मी येते मदतीला. पुण्याहून नारायणगावची एसटी मिळतेच.

*

खोडदचा_शेजारी

या की ताई, मुक्कामालाच या. पण रात्री शेताकडं एकटं फिरायचं नाही, बिबटे आहेत.

स्पंदनताई, व्यक्तिगत निरोप पाठवलाय, शाळेचा पत्ता त्यात आहे. चाळीस पोरं आहेत, चौघांचा एक गट केला तर आलेखाच्या दहा प्रती लागतील. ए४ वर पट्टीनं मोजता येईल एवढा मोठा येतो का, का ए३ काढू नारायणगावात?

*

स्पंदन_पी

ए३ काढा. आणि काळ्या-पांढऱ्यातच, रंगीत नको, रेघ पुसट होते.